डाव्या मडगार्डची आतली बाजू

चाकूर,
५ जानेवारी २०२५

मामांना सुकन्येचा शरणार्थ.

पत्र फोडताच तुम्ही मामीला ओरडून सांगाल, "सुकन्येला काम पडलंय!" तर हो, पडलंय. फोनवर बोलता आलं असतं तर एवढी शाई घालवली नसती. पण चाळीस वर्षं पत्रा ठोकून तुम्ही कान घालवून बसलात, आणि मामीच्या मोबाईलवर काही लिहावं तर ते तुमच्या आधी अर्ध्या देगलूरला कळतं.

आम्ही सात सीटची गाडी घेतोय. जुनी. सासूबाईंचे गुडघे गेलेत, अक्षरा आणि शिवांश आता कुणाच्या मांडीवर मावत नाहीत, आणि सहा माणसांनी छोट्या गाडीत बसून लातूरच्या दवाखान्यात जायचं म्हणजे उतरल्यावर सगळेच पेशंट. शिरूर अनंतपाळच्या शेषेरावांची पांढरी गाडी विकायची आहे. ते आमच्या खताच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, तालुक्यातलं मोठं प्रस्थ. तुमच्या जावयांनी, संगमेशनी, गाडी न बघताच शब्द देऊन टाकला. "शेषेरावांच्या गाडीत काय बघायचं असतंय?" म्हणाले. बियाणांच्या पोत्यात मात्र बोट खुपसल्याशिवाय घेत नाहीत.

मी हटून बसले आहे त्याला कारण आहे. आमच्या शाळेतल्या रामकिशन सरांनी मागच्या वर्षी अशीच ओळखीतली गाडी घेतली. ती दोन गाड्या कापून जोडलेली निघाली. उतारावर ट्रकला लागली आणि जोडाच्या जागी दोन तुकडे झाले. सरांच्या बायकोला पत्रा कापून बाहेर काढलं, एक पाय आतच राहिला. मी तिला भेटून आले तेव्हापासून त्या पांढऱ्या गाडीत मला माझीच पोरं बसलेली दिसतात.

पुढच्या रविवारी गाडी बघायला जायचं आहे. काय बघू, कसं बघू, ते मला पोरीला शिकवल्यासारखं लिहा. तुमच्याशिवाय मी कुणाचं ऐकणार नाही.

तुमची,
सुकन्या


देगलूर,
१० जानेवारी २०२५

चि. सुकन्या,

पत्र मिळालं. मामीने वाचायच्या आधी मी वाचलं, एवढं नक्की.

सरांच्या बायकोचं वाचून मला नवल वाटलं नाही. मी असल्या गाड्यांतून माणसं सोडवली आहेत. एका ड्रायव्हरच्या छातीतून स्टिअरिंगचा दांडा पाठीला निघाला होता. त्याला काढून आम्ही हात धुतो न धुतो तोच गाडीमालक विचारतो, "सीटचा डाग निघंल का?" गाडी विकणारा माणूस हा असा असतो. म्हणून त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊ नकोस. मी बहिरा झाल्यावर जास्त चांगला डेंटर झालो, कारण लोकांच्या बाता ऐकायच्या बंद झाल्या.

दिवसाउजेडी जा. गाडी धुतलेली असेल तर वाळू दे. आधी लांबून, चाकाच्या उंचीला बसून एका बाजूने बघ. पत्र्यावर पडलेली झाडाची सावली कुठे हलली, वाकडी झाली, तर तिथे हातोडी पडली आहे. लोहचुंबक घेऊन जा, फडक्यात गुंडाळून लाव. पत्र्याला धरतं, पुट्टीला धरत नाही. बोनेटचे आणि मडगार्डचे बोल्ट बघ. कंपनीतून आलेल्या बोल्टाचा रंग शाबूत असतो. पान्याने खरवडला असेल तर तो भाग उतरवलेला आहे. दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे टिपके बघ, ते एकसारख्या अंतरावर पाहिजेत. पायाखालचा गालिचा उचलून वास घे. लाजू नकोस.

गाडीला मार लागलेला असणं वाईट नाही. मार कुठून लागला ते कळलं पाहिजे. भिंतीला लागलेली गाडी एक बोलते, जनावराला लागलेली दुसरं, माणसाला लागलेली तिसरं. माणूस बोनेटवर वर येतो, त्याचं डोकं काचेच्या खालच्या काठाला लागतं. तिथे बघ.

सगळं लिहून कळव. जावयांना शरणार्थ. शिवांशला सांग, त्याच्या ट्रॅक्टरचं चाक मी पितळेचं करून ठेवलंय.

नागप्पा


चाकूर,
१३ जानेवारी २०२५

मामा,

काल बघून आले. तुमचं पत्र पर्समध्ये, चुंबक पदरात. शेषेरावांनी खुर्च्या टाकल्या, चहा आला. त्यांचा मुलगा भागवत गाडीजवळ उभा होता. तिशीच्या आतला, गळ्यात जाड साखळी. गाडीच्या एका चाकाला चिखल राहिला होता, एवढ्यावरून त्याने व्यंकट नावाच्या ड्रायव्हरला पाण्याच्या नळीने मारलं. आमच्यासमोर. नळीचं पितळी टोक तोंडावर बसलं, ओठ उभा फाटला आणि दात हातात आला. व्यंकटने दात खिशात टाकला आणि चाक पुसायला बसला. शेषेराव मला म्हणाले, "चहा घ्या मॅडम, थंड होऊन राहिलाय."

मी चहा घेतला नाही. गाडी घेतली बघायला. बोनेटच्या डाव्या निम्म्या भागाला चुंबक धरत नाही. डाव्या मडगार्डचे सगळे बोल्ट खरवडलेले. इथवर ठीक. पण मागच्या बंपरखालचा पत्राही नवा रंगवलेला आहे. पुढून मार खाल्लेल्या गाडीला मागे का रंग द्यावा? गालिचा पुढे जुना आणि मागे, सामान ठेवतात तिथे, कोरा. मी उचलायला गेले तर भागवत जवळ आला. "मॅडम, गाडी बघून राहिल्या का पोस्टमार्टम करून राहिल्या? रोही, ती नीलगाय, आडवी आली हुती. लई मोठी. बास."

संगमेश माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. त्यांना वाटतं मी शेषेरावांचा अपमान केला.

आणखी एक किरकोळ गोष्ट. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, बोनेट उघडून बॅटरी मारली की दिसतात, असे तीन आडवे पांढरे पट्टे आहेत. बोटांनी ओढल्यासारखे. कुणी रंग वाळला का ते बघितलं असेल.

शाळेत शनिवारी वेगळंच. माझ्या दहावीच्या वर्गातली पुनम आहे, तिने कंपासचं टोक एका मुलीच्या तळहातात आरपार घातलं. त्या मुलीने तिला म्हटलं होतं, "तुझी आई यार घेऊन पळाली." अडीच वर्षांपूर्वी हिची आई गुणाबाई शिरूरहून नाहीशी झाली. बाप आधीच वारलेला. चुलत्याने सगळ्यांना सांगितलं की बाई पळून गेली, आणि ते तसंच राहिलं. पुनमला मी काय शिक्षा करू? तिने माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "मॅडम, तुमच्या आईला कुणी असं म्हणलं तर तुम्ही काय केलं असतं?"

गाडीचं काय ते लवकर कळवा.

सुकन्या


देगलूर,
१८ जानेवारी २०२५

चि. सुकन्या,

ती गाडी घेऊ नकोस. चेसी वाकडी आहे. कारण विचारू नकोस, जावयांना दुसरी दाखव. नांदेडला माझ्या ओळखीत आहेत चार.

शेषेरावांच्या अंगणात परत जाऊ नकोस.

नागप्पा


चाकूर,
२३ जानेवारी २०२५

मामा,

चेसी मी बघितली नाही, लिहिली नाही, आणि तुम्ही देगलूरात बसून ती वाकडी आहे हे ओळखलंत.

आता मीही खरं सांगते. ते तीन पट्टे मी त्याच क्षणी ओळखले होते. ती विभूती आहे. लहानपणी उन्हाळ्यात तुमच्याकडे यायची तेव्हा गॅरेजमध्ये ठोकळ्यावर बसून तुमचं काम बघायची. एकदा एक जीप आली होती, मोटारसायकलवाल्याला चिरडलेली. ती सरळ करून झाल्यावर तुम्ही ओल्या प्रायमरमध्ये विभूतीची तीन बोटं आतल्या बाजूला ओढलीत. मी विचारलं तर म्हणालात, "हिने माणूस खाल्लाय. आतून शांत केली पाहिजे." जनावराला लागलेल्या गाडीला तुम्ही हे कधी केलं नाही. तुमच्याशिवाय असं करणारा डेंटर मी ऐकलेला नाही.

तुम्ही स्वतःहून सांगता का, ते बघत होते. तुम्ही मला चेसीची थाप मारलीत. मला राग आला आहे मामा, आणि भीतीही वाटते आहे. या गाडीने कुणाला खाल्लं?

सुकन्या


देगलूर,
३० जानेवारी २०२५

सुकन्या,

तीन वेळा पत्र लिहून चुलीत घातलं. हे घालणार नाही.

गाडी माझ्याच हातची आहे. बावीस साली श्रावणात, पंचमी होऊन आठ दिवसांनी भागवत ती घेऊन आला. रोही म्हणाला. मी पुढची जाळी काढली तर रेडिएटरच्या पट्ट्यांत हिरव्या बांगड्यांच्या काचा अडकलेल्या. काचेच्या खालच्या काठाला केसांचा झुबका, मुळासकट, चिकटून वाळलेला. लांब केस होते. मग मी गाडी वर उचलली. खाली पुढपासून मागपर्यंत साडीच्या धाग्यांचा गुंता, आणि मागच्या बंपरखालचा पत्रा आत दबलेला. पुढून धडक देऊन माणूस खाली गेला तर मागचा पत्रा तसा दबत नाही. तो दबतो गाडी परत मागे घेतल्यावर. त्याने तिला पाडलं, वरून गेला, आणि मागे येऊन पुन्हा गेला. पत्रा खोटं बोलत नाही आणि मी तो चाळीस वर्षं वाचतोय.

मी सगळं समजून गाडी सरळ केली. रंग दिला. विभूती लावली. याहून जास्त काही केलं नाही.

का, ते ऐक. भागवत माझ्याकडे कसा आला? संगमेशरावांनी पाठवला. त्यांचं नाव घेऊन आला. मला वाटलं जावयांना सारं माहीत आहे, कदाचित त्यांचाही हात आहे. जावयाने पाठवलेल्या माणसाला पोलिसात द्यायचं म्हणजे भाचीचं घर मोडायचं. तुझी पोरं तेव्हा किती लहान होती. मी तोंड शिवून घेतलं.

आता तुला कळलंय. पण त्यांना काही विचारू नकोस. गाडी नको म्हण आणि गप्प राहा.

नागप्पा


चाकूर,
१५ फेब्रुवारी २०२५

मामा,

विचारलं. बावीसचा श्रावण वाचून आधी पुनमला, मग यांना. गप्प राहणं मला जमलं नाही.

पंचमीच्या दिवशी पुनमची आई गुणाबाई वारुळाला गेली होती. नवा हिरवा चुडा भरून, विधवेने भरू नये म्हणणाऱ्यांना न जुमानता. त्याच्या आठ दिवस आधी तिने भर बाजारात भागवतच्या तोंडावर चप्पल मारली होती, कारण त्याने तिचा पदर ओढला. अख्ख्या शिरूरने ते बघितलं. वारुळाहून बाकीच्या बाया परत आल्या, ही आली नाही. पुनमने मला हे शाळेतल्या बाकावर बसून सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मग मी संगमेशना तुमचं पत्र वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, मोरीत जाऊन ओकले आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. त्यांना काही माहीत नव्हतं मामा. शिवाची शपथ घेऊन सांगते. भागवतचा फोन आला, "उदगीरच्या पुढं आलोय, रोही धडकली, मडगार्ड टायरला घासून राहिलंय, तुमचे मामसासरे देगलूरला हायेत ना?" आणि यांनी पत्ता दिला. एवढंच. तुम्ही आमचं घर वाचवायला अडीच वर्षं गप्प बसलात, आणि वाचवण्यासारखं काही नव्हतंच. ती पोर तेवढी वर्षं शिव्या खात राहिली.

संगमेश त्याच पावली शिरूरला निघाले होते, हातात लोखंडी सब्बल घेऊन. मी दारात आडवी झाले. त्यांना म्हटलं, तुम्ही त्याला मारलंत तर तो मेला आणि तुम्ही आत गेलात, गुणाबाई पळालेलीच राहील. आपण गाडी विकत घेऊ. आपण नाही म्हटलं की तो ती भंगारात कापून टाकणार. आपल्या नावावर झाली की आपल्या अंगणात कुणाची परवानगी न मागता ती उघडता येते. संगमेशनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शेजारच्या घरातली बाई आहे. मग सब्बल ठेवली.

नऊ तारखेला गाडी आली. मी पोरांना शिवू दिली नाही, ताडपत्री टाकली. बाराला लातूरला पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे अर्ज दिला. तेराला सकाळी भागवत आणि दोघे दुकानात घुसले. संगमेशना काउंटरवरून ओढून बाहेर काढलं आणि लोखंडी पाइपने मारलं. डोक्याला अकरा टाके, डावं मनगट दोन जागी मोडलं, कान अर्धा लोंबत होता तो शिवला. सासूबाई गुडघे विसरून धावल्या आणि त्यांनी वजनाचं माप भागवतच्या तोंडावर फेकलं, म्हणून तो थांबला. आता अंगणात दोन पोलीस बसतात. भागवत फरार आहे.

तीन मार्चला, सोमवारी, सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेचे लोक येऊन गाडी उघडणार आहेत. मडगार्ड काढून "हे माझं काम" असं म्हणणारा माणूस हवा. तुम्हाला यावं लागेल.

आणि एक गोष्ट मला जुळत नाही. तुम्ही लिहिलंत, तो पंचमीनंतर आठ दिवसांनी आला. संगमेशना फोन आला तो पंचमीच्याच दुपारी. त्यांना पक्कं आठवतं, पुढ्यात पुरणाची दिंडं होती आणि त्यांनी उष्ट्या हाताने फोन घेतला. मग त्या दुपारी तो तुमच्याकडे आला होता की नाही?

सुकन्या


देगलूर,
२२ फेब्रुवारी २०२५

सुकन्या,

अक्षर मामीचं आहे. मी सांगतोय, ती लिहिते आहे.

एकोणीसला तिघे आले, तोंडाला रुमाल बांधून. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो, मला कळलंच नाही. पहिला दांडा मानेत बसला. मग उजवा हात माझ्याच लोखंडी ठोकळ्यावर ठेवून माझ्याच हातोडीने चारी बोटं फोडली, एकेक करून, घाई न करता. अंगठा ठेवला. तो कागदावर उठवून घेतला. कागदात लिहिलं होतं की अशी गाडी माझ्याकडे कधी आलीच नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी दोन बोटं काढून टाकली.

हे मी तुला दया यावी म्हणून सांगत नाही. पुढचं ऐकल्यावर तुला दया येणार नाही.

तो पंचमीलाही आला होता; आठ दिवसांनी आला तो गाडी पुरती सरळ करून घ्यायला. पंचमीला मी हातोडी धरत नाही. लोखंड ठोकायचं नाही, कापायचं नाही, हे माझ्या बापापासून चालत आलेलं. मामी माहेरी गेली होती. शटर अर्धं ओढून मी खाटेवर पडलो होतो. दुपारी दोनला गाडी आली. मडगार्ड टायरवर बसलेलं, रबर जळत होतं. मी हाताने खूण केली, आज नाही. भागवतने मोबाईलवर लिहून दाखवलं, "संगमेश शेठनं पाठवलंय." जावयाचं नाव आल्यावर सणाचा नेम मोडला. रक्त बघून मी तोंडाकडे बघितलं. त्याने लिहिलं, "रोही हाय, मागं टाकलीय, जंगलवाल्यांना कळू द्यायचं न्हाई."

मी मडगार्ड ओढायला बसलो. उजव्या हाताने ठोकायचं आणि डावा तळहात पत्र्यावर सपाट ठेवायचा, ही माझी रीत. कानाचं काम तळहात करतो. इंजिन बंद होतं. हातोडी थांबवली तरी तळहाताखाली ठोके येत राहिले. गाडीच्या मागच्या अंगाने. तीन ठोके. मग थांबून तीन. पुन्हा थांबून तीन.

जनावर लाथा झाडतं. ते थांबून थांबून वाजवत नाही.

मला कळलं होतं, सुकन्या. मी तळहात उचलला, मांडीवर ठेवला, आणि एका हाताने पुढचं काम केलं. मडगार्ड सुटलं. भागवत गाडी घेऊन सीमेकडे निघून गेला. मी हात धुतले आणि खाटेवर जाऊन पडलो. पोलीस चौकी माझ्या शटरपासून दोनशे पावलांवर आहे. तुझ्या घराचं, जावयाचं, पोरांचं मी मागच्या पत्रात लिहिलं ते खरं आहे, पण ते नंतर सुचलेलं. त्या वेळी मी नुसता भ्यालो होतो.

मी तीन तारखेला येईन. मडगार्ड माझं आहे म्हणून सांगेन, बांगड्यांचं, केसांचं, मागच्या बंपरचं सांगेन. तेवढ्यावर तो आत जाईल. ठोक्यांचं सांगितलं तर बाई जिवंत असताना मी तिला जाऊ दिलं असं होईल, आणि ते मलाही त्याच्याबरोबर बसवतील. या वयात. सांगू की नको, हे तू ठरव. तू म्हणशील तसं करेन.

नागप्पा

सुकन्या, आता मी लिहिते, गौरम्मा. हे कागदावर उतरवताना मी दोनदा उठून बाहेर गेले. परवा यांनी सांगेपर्यंत मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. सीमेपलीकडे माझ्या बहिणीच्या गावाजवळ त्या श्रावणात ओढ्यात एक बाई सापडली होती. तिकडच्या पोलिसांनी बेवारस म्हणून मातीआड केली, फोटो ठेवला. काल बहिणीला घेऊन मी तो बघून आले. माझं तेलुगू कामी आलं. एका हातात हिरवा चुडा आहे. दुसऱ्या हाताच्या मुठीची कातडी हाडापर्यंत सोलली आहे. त्यांच्या नोंदीचा नंबर लिहून आणला आहे, तीन तारखेला मी बरोबर घेऊन येते.


चाकूर,
२६ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र शाळेच्या व्हरांड्यात वाचलं. पहिल्यांदा मनात आलं, हे फाडून टाकावं आणि मिळालंच नाही म्हणावं. तुमच्या बोटांचं वाचून जीव कळवळला होता, मग पुढचं वाचलं. तुमच्याच घरी मी पंचमीचा झोका खेळायची. मला तुमचा इतका राग आला आहे की शाळेत फळ्यावर लिहिताना खडू मोडला, तीन वेळा. संगमेश म्हणतात, म्हातारा माणूस आहे, मार खाल्लाय, ठोक्यांचं राहू दे.

पण ठरवायचा हक्क मला नाही असं मला वाटलं. त्यांनाही नाही. अडीच वर्षं सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून एका पोरीपासून तिची आई लपवली. त्यात आणखी एकीची भर नको. म्हणून मी काल पत्र पुनमला दिलं. वाचण्याआधी म्हटलं, यात फार वाईट आहे. ती म्हणाली, "वाईट ऐकूनच मोठी झाले मॅडम."

तिने ते उभ्याने वाचलं. मग खाली बसून परत वाचलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने अंग चोरून घेतलं. मग मान वर केली. "म्हंजी पळाली न्हाई." मी म्हटलं, नाही, पळाली नाही. तेव्हा ती रडली, आणि ते रडणं मला कागदावर घालता येत नाही. शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

तर तुम्ही तीन तारखेला या, आणि सगळं सांगा. मडगार्डचं, केसांचं आणि ठोक्यांचंही. तुम्हाला आत घातलं तर मी डबा घेऊन येईन. बस स्टँडवर मी घ्यायला येईन, तुमचा हात धरून खाली उतरवीन, घरी जेवायला वाढीन. पाया पडणार नाही.

पुनमही तिथे असेल. तिला भागवतचं काही विचारायचं नाही, गाडीचंही नाही. तिला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. ती तिने वहीच्या पानावर लिहून, घडी घालून, दप्तरात ठेवली आहे. मी वाचली. येताना उत्तर घेऊन या, आणि पुन्हा चेसीसारखं करू नका.

तिने लिहिलंय, "माझी आई किती वेळ वाजवत होती?"

सुकन्या